जुनी जीप हाही एक दस्तऐवज

१/ दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी एकाच आराखड्यावर ६ लाखांहून अधिक जीप बांधल्या. युद्धानंतर त्यांतल्या कित्येक भारतासह अनेक देशांत विकल्या गेल्या. अशी गंजलेली जीप घरच्या अंगणात पूर्ववत करणाऱ्याने पान्याआधी भिंग हाती घ्यावे.

२/ रेडिएटरखालचा चॅसिसचा आडवा दांडा गोल नळीचा असेल, तर चॅसिस विलीजची. उलट्या ‘यू’च्या आकाराचा असेल, तर फोर्डची. फोर्डने बोल्टच्या माथ्यावरही ‘एफ’ उमटवला होता.

३/ दोन्हींचे बहुतेक सुटे भाग परस्परांना बसत. दुरुस्तीत ते सर्रास मिसळले. विलीजच्या चॅसिसवर फोर्डचा बोल्ट आढळला, तर ती भेसळ नव्हे. ते त्या गाडीचे चरित्र असू शकते.

४/ सरसकट सँडब्लास्टिंग केले, की नंतरच्या मालकांच्या रंगाखाली दडलेला लष्करी हिरवा थर आणि बॉनेटवरचा युद्धकालीन क्रमांक दोन्ही नष्ट होतात. म्हणून आधी छायाचित्रे व नोंदी, मग हलक्या हाताने एकेक थर, शेवटी नवा रंग.

५/ ब्रेक आणि वायरिंग नवे हवेच. तिथे जिवाचा प्रश्न आहे. मात्र धडधाकट जुना बोल्ट केवळ चकाकीसाठी बदलणे म्हणजे पुरावा भंगारात टाकणे.