वॉटरजेट कटिंग : ‘पाणीच तर आहे’ म्हणू नका

बेळगावचं उद्यमबाग असो की कोल्हापूरची शिरोली, प्लेट कापायची म्हटलं की गॅस, प्लाझ्मा, लेझर आणि वॉटरजेट ही नावं येतात. पहिल्या तिन्हींत आग आणि ठिणग्या दिसतात, त्यामुळे माणूस आपोआप जपून राहतो. वॉटरजेटमध्ये ना ज्वाळा, ना धूर. मग नवा पोरगा म्हणतो, ‘पाणीच तर आहे!’ कामाचा दर असो, कडेचं फिनिशिंग असो की बोटाला झालेली जखम, गफलत या एका वाक्यातूनच सुरू होते.

कापतं कोण?

धातू पाणी कापत नाही, पाण्यातली वाळू कापते. ही वाळू म्हणजे गार्नेट नावाचं कठीण खनिज. आपल्याकडे ते तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत सापडतं.

मशीनचा पंप साधारण २०० बार दाबाच्या हायड्रॉलिक तेलाने मोठा पिस्टन ढकलतो. त्याला जोडलेल्या प्लंजरचं क्षेत्रफळ विसाव्या हिश्शाएवढं असतं, म्हणून पाण्याचा दाब वीसपट, म्हणजे ४,००० बारच्या आसपास जातो. कारच्या चाकात दोन-अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. काही मशीन ६,००० बारपर्यंतही चालतात.

हे पाणी हिरा किंवा माणकाच्या सुमारे ०.३ मिमी भोकातून सुटतं. त्याचा वेग ध्वनीच्या वेगाच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. धारेमुळे तयार होणारी पोकळी गार्नेट आत ओढून घेते. पुढे टंगस्टन कार्बाइडच्या बारीक नळीत पाणी आणि वाळू एकत्र होतात आणि जॉबवर आदळतात. नुसत्या पाण्याची धार कागद, फोम, रबर कापते. स्टील, दगड, काच यांना गार्नेट लागतंच. ही गार्नेटची पद्धत १९८०च्या सुमारास अमेरिकेत मोहम्मद हशीश यांनी विकसित केली.

कोणतं काम द्यावं?

मोठा फायदा एकच : जॉब तापत नाही. ईएन-८ची प्लेट गॅसने कापली की कड कडक होते आणि पुढे ड्रिल, टॅप जळतात. वॉटरजेटमध्ये तो त्रास नाही. हीट ट्रीटमेंट झालेलं स्टील, टायटॅनियम, जाड ॲल्युमिनियम, तांबं, ग्रॅनाइट, रबर, कार्बन फायबर ही सगळी कामं एकाच मशीनवर होतात. म्हणूनच विमानाच्या सुट्या भागांच्या उद्योगात ही पद्धत रुळली आहे. हत्तरगीच्या एरोस्पेस क्षेत्रामुळे आपल्या भागातल्या छोट्या शॉपनाही ती समजून घेणं फायद्याचं आहे.

पण सरसकट सगळं इथे आणू नका. साधी माइल्ड स्टीलची पातळ शीट लेझरवर कितीतरी लवकर आणि स्वस्तात निघते. टफन्ड काच तर कापताच येत नाही, तडकून तिचा चुरा होतो. ती आधी कापून मग टफन करतात. कार्बन फायबरमध्ये थेट पूर्ण दाबाने भोक पाडलं तर थर सुटतात. तिथे कमी दाबाने सुरुवात करावी किंवा आधी ड्रिल मारावं.

कड बघून काय ओळखायचं?

कापाची रुंदी साधारण १ मिमी असते. धार खाली जाताना तिचा जोर कमी होतो आणि ती मागे रेंगाळते. म्हणून वेग वाढवला की खालच्या भागात तिरप्या रेघा उमटतात आणि कडेला टॅपर येतो. कड गुळगुळीत हवी तर वेग कमी करावा लागतो आणि मग दर वाढतो. चौकशी करताना नुसतं ‘कापून द्या’ म्हणू नका. कडेची प्रत कोणती, टॅपर किती चालेल, पुढे मशिनिंग आहे का, हे आधीच सांगा. पुढे मिलिंग होणारच असेल तर उत्तम कडेचे पैसे कशाला मोजायचे?

पैसे कुठे जातात?

मिनिटाला ४०० ग्रॅम गार्नेट धरलं तर तासाला २४ किलो होतं. वर कार्बाइडची नळी झिजते. तिचं भोक मोठं झालं की काप रुंद होतो आणि मापं चुकतात. चांगला ऑपरेटर भोक नियमित मोजतो. टाकीतल्या गाळात कापलेल्या धातूचे कण असतात, त्यामुळे तो गटारात किंवा शेताच्या बांधावर टाकू नये.

छोटं भोक, मोठी जखम

धार बोटाला लागली तर कधी वरून टाचणी टोचल्याएवढंच भोक दिसतं. रक्त कमी, दुखणंही सुरुवातीला कमी. पट्टी बांधून माणूस पुन्हा कामाला लागतो. आत मात्र पाणी, गार्नेट आणि टाकीतले जंतू कातडीखाली दूरवर पसरलेले असतात. उशीर झाला तर बोट, कधी हातही गमवावा लागतो.

अशी जखम ही तातडीची शस्त्रक्रिया समजावी. अंगठी काढा, हात उंच ठेवा, काही खाऊ-पिऊ देऊ नका आणि थेट सर्जन असलेल्या रुग्णालयात न्या. डॉक्टरांना स्पष्ट सांगा : दाब किती होता, पाण्यात काय मिसळलं होतं, किती वाजता लागलं.

गळती कधीही हाताने चाचपू नका. पाइपच्या जोडांना मुद्दाम छोटी छिद्रं ठेवलेली असतात. तिथून थेंब आले तर पंप बंद करा, दाब पूर्ण उतरवा, मगच पाना लावा. कानाला संरक्षण आणि डोळ्याला चष्मा हवाच. शक्य असेल तिथे जॉब पाण्याखाली बुडवून कापा, आवाज बराच कमी होतो.

उच्च दाबाच्या पाण्यावर काम करणाऱ्यांजवळ डॉक्टरांना दाखवायचं कार्ड ठेवण्याची पद्धत परदेशात आहे. ती आपल्याकडे आणायला खर्च जवळपास शून्य. फक्त सीमाभागात ते एका भाषेत लिहून भागणार नाही. मालक मराठी, ऑपरेटर कन्नड, हेल्पर हिंदी बोलणारा आणि डॉक्टर इंग्रजीत केसपेपर लिहिणारे, असं चित्र इथे नेहमीचं आहे. मशीनवरची सूचना आणि खिशातलं कार्ड या सगळ्यांना वाचता आलं पाहिजे.