संघ कोण निवडतो? ब्रँच रिकी आणि पालवणकर बाळू

जॅकी रॉबिन्सन आपल्या पोरांना ठाऊक आहे. त्याला निवडणारा ब्रँच रिकी मात्र फारसा कुणाला माहीत नाही. खेळाडू म्हणून तो सुमारच होता. त्याची खरी कारकीर्द खुर्चीतली. सेंट लुईस कार्डिनल्समध्ये असताना त्याने लहान गावांतले संघ क्लबला जोडले, निरीक्षक पाठवून कच्ची पोरं हेरली आणि तिथेच घडवली. पुढे तो ब्रुकलिन डॉजर्सचा प्रमुख झाला. तेव्हा मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायचा नाही, असा मालकांचा मूक करार होता. कागदावर काहीच नव्हतं. मनुस्मृती निदान लिहिलेली तरी होती!

रिकीचा निरीक्षक क्लाइड सुकफोर्थ रॉबिन्सनला घेऊन आला, २८ ऑगस्ट १९४५ रोजी भेट झाली आणि १५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन मैदानात उतरला. म्हणून रिकीला संत करू नका. त्याला सामने जिंकायचे होते, तिकिटं खपवायची होती. रॉबिन्सन आधी कृष्णवर्णीयांच्या लीगमधल्या कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळायचा. त्या क्लबला रिकीने छदामही दिला नाही.

आता आपल्याकडे बघा. चर्मकार समाजातले पालवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर मैदान राखायचे, नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकायचे. गोऱ्यांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतलं. म्हणजे इथेही स्वार्थच. पण मैदानावर एकच चेंडू हाताळणारे सवर्ण चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा द्यायचे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं नाही. १९२० साली विठ्ठल आणि शिवराम या भावांनी अन्यायाविरुद्ध संघातून माघार घेतली, तेव्हा कुठे समिती हलली आणि बाळूंना उपकर्णधार केलं. १९२३ ला विठ्ठल कर्णधार झाले.

(१९३७ ला बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, याचा राग आपल्यात आहे. पण त्याने त्यांचे बळी कमी होत नाहीत.)

फरक इतकाच, की रिकीच्या हातात एकट्याने निर्णय घ्यायची खुर्ची होती. बाळूंपुढे सवर्णांची समिती होती. म्हणून फक्त किती खेळाडू आपले, हे मोजू नका. निवड समितीत, निरीक्षकांत, असोसिएशनच्या कार्यकारिणीत किती आपले, हेही विचारा. आमच्या शहापूर तालुक्यातून भातसा, तानसाचं पाणी मुंबईला जातं. मुंबईचा निरीक्षक डोळखांबला कधी येणार?