खेळण्यांची निवड : फ्रोबेल ते बोर्डी

बालवाडीसाठी खेळणी घ्यायची वेळ आली की आपण दुकानात जातो आणि खोक्यावर काय छापले आहे ते वाचतो. 'बुद्धी वाढवणारे', 'वय १ ते ३' अशी अक्षरे पाहून पैसे मोजतो. पुष्कळदा हे महागाचे खेळणे मोडू नये म्हणून कपाटातच राहते. खेळण्यातून मूल शिकते म्हणजे नेमके काय होते, हे कळल्याशिवाय निवड नीट होणार नाही. या प्रश्नाचा विचार तीनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्यातले काही टप्पे पाहू.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९३ साली शिक्षणावर पुस्तक लिहिले. अक्षरे चिकटवलेल्या फाशांशी खेळत मूल वाचायला शिकेल, अशी सूचना त्यात आहे. पण गुळगुळीत गोटा, कागदाचा तुकडा किंवा आईच्या किल्ल्यांचा जुडगा लहान मुलाला दुकानातल्या महाग खेळण्याइतकाच रमवतो, असेही तो त्याच पुस्तकात सांगतो. म्हणजे मुद्दाम घडवलेले साधन की हाताशी असलेली वस्तू, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

फ्रोबेलच्या देणग्या

शिकण्यासाठी क्रमवार रचलेला खेळण्यांचा संच तयार केला तो जर्मनीतील फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२-१८५२) याने. तरुणपणी त्याने बर्लिनमध्ये वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम केले होते. साध्या आकारांतून नियमाने गुंतागुंतीचे आकार घडतात, ही गोष्ट त्याच्या मनात तिथे पक्की झाली. १८३७ साली त्याने ब्लांकेनबुर्ग येथे मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले.

त्याच्या साधनांना तो 'देणग्या' म्हणे. पहिली देणगी तान्ह्या मुलासाठी : दोरी लावलेले, लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरी लाकडी गोल, घन आणि दंडगोल यांची. तिसरी म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला एक मोठा घन. तो मोडायचा, त्यातून खुर्ची, जिना, पूल करायचा आणि शेवटी पुन्हा घन जुळवायचा. पूर्ण आणि भाग यांचे नाते मूल हातानेच शिकते.

चेंडू लपवायचा आणि पुन्हा दाखवायचा, असाही खेळ फ्रोबेलने सुचवला होता. वस्तू दिसेनाशी झाली तरी ती असते, हे ज्ञान मुलाला जन्मतः नसते, ते हळूहळू घडते, असे पुढे १९३० च्या दशकात जाँ पियाजे याने स्वतःच्या मुलांच्या निरीक्षणातून मांडले. आपल्याकडच्या 'बुवा कुऽऽक' या खेळात मुलाला हाच आनंद मिळतो.

१८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. ती उठली १८६० साली, फ्रोबेलच्या मृत्यूनंतर. त्याची साधने मग देशोदेशी गेली. पण बऱ्याच ठिकाणी 'आता हा ठोकळा उचला, आता इथे ठेवा' अशी कवायत सुरू झाली. साधने तीच राहिली, पण खेळ नाहीसा झाला.

चूक कोण दाखवतो?

मारिया मॉन्टेसरी (१८७०-१९५२) या डॉक्टर. मतिमंद मुलांसाठी इतार आणि सेगॅं या फ्रेंच डॉक्टरांनी वापरलेल्या पद्धतींचा त्यांनी अभ्यास केला आणि ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडले. त्यांचे एक साधन पाहा. लाकडी ठोकळ्याला दहा भोके, त्यांत बसणारे दहा लाकडी गट्टू. एखादा बारीक गट्टू मोठ्या भोकात टाकला, तर शेवटी उरलेला जाड गट्टू कुठेच बसत नाही. मूल थांबते, पाहते, पुन्हा रचते. 'चुकलास' असे म्हणायला बाई लागत नाहीत. चूक वस्तूच दाखवते. मॉन्टेसरींचा मोठा शोध तो हाच.

अंगणातली साधने

१९२० साली गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे गेल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

मॉन्टेसरींची घोटीव लाकडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. मग बिया, गोटे, शिंपले, पाने, माती, बांबू यांचीच साधने झाली. मुले शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. ही काटकसर खरी, पण शास्त्र सोडून केलेली नव्हती. लहानमोठे, जडहलके, खरखरीत-गुळगुळीत हे भेद गोट्यांतही असतात. साधनातला विचार उचलला, लाकूड सोडून दिले.

निवडताना

या इतिहासातून चार प्रश्न हाती येतात. काम कोण करते, मूल की खेळणे? बटण दाबताच गाणारी बाहुली सगळे स्वतःच करते, मुलाला करायला फारसे उरत नाही. चूक वस्तूवरूनच कळते का? एकाच वस्तूचे अनेक खेळ होतात का? आणि मुलाच्या आजच्या हालचालीला ती जुळते का? पकडायला शिकणाऱ्याला हलका खुळखुळा, भरणे-ओतणे आवडणाऱ्याला डबा आणि मोठे गोळे, उभे राहू लागलेल्याला ढकलायचा पांगुळगाडा.

पाचवा प्रश्न सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत आधी विचारायचा. तीन वर्षांखालील मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते. सुमारे ३ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत मावेल अशी कोणतीही वस्तू त्याच्या हाती देऊ नये. चिंचोके, मणी, गोट्या मोठ्यांसाठीच. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर, काही हस्तकलांचा अपवाद सोडता, आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. मात्र हे चिन्ह खेळणे सुरक्षित आहे एवढेच सांगते. मूल त्यातून काही शिकेल का, हे आपणच पाहायचे असते.

ते पाहण्याचा सोपा प्रयोग असा. एकात एक बसणारे पाच वाडगे आणि एक चावीचे खेळणे मुलांपुढे ठेवा. दहा मिनिटे काहीही न बोलता बाजूला बसा. प्रत्येक वस्तूशी मुलांनी किती निरनिराळ्या गोष्टी केल्या, ते वहीत लिहा. पुढच्या खरेदीच्या वेळी ही वही बरोबर न्या.