रणजी करंडक : बाद फेरीचे दार रुंदावले, महाराष्ट्र अंतिम फेरीत

नाशिक : विजेता नेमका कसा ठरवावा, हा कोणत्याही मोठ्या स्पर्धेपुढचा जुना प्रश्न आहे. साखळीतील सातत्याला कौल द्यावा की बाद फेरीत अधिक संघांना संधी द्यावी? रणजी करंडकाचा इतिहास पाहता, बाद फेरीचे दार जेव्हा जेव्हा रुंदावले, तेव्हा महाराष्ट्राला त्याचा लाभ झाल्याचे दिसते.

एका विभागातून एकच संघ

१९३४-३५ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा प्रथम विभागवार बाद पद्धतीने खेळली जात असे. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली ती याच काळात. १९५७-५८ पासून विभागात साखळी सामने सुरू झाले. मात्र पुढे जाण्याची संधी फक्त विभागविजेत्यालाच होती. पश्चिम विभागात मुंबईचा दबदबा होता. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ विजेतेपदे पटकावली. त्याच विभागातील महाराष्ट्र, बडोदा, गुजरात व सौराष्ट्र यांची वाट त्यामुळे साखळीतच अडत असे.

१९७०-७१ मध्ये प्रत्येक विभागातील पहिल्या दोन संघांना बाद फेरीत प्रवेश मिळाला. त्याच मोसमात मुंबई आणि महाराष्ट्र हे एकाच विभागातील दोन संघ अंतिम फेरीत भिडले. जुना नियम असता तर हा सामना होऊच शकला नसता. १९९२-९३ मध्ये विभागातून तीन संघ घेण्यास प्रारंभ झाला आणि महाराष्ट्र पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. तेथे पंजाबने बाजी मारली.

प्लेट गटाची कोंडी

२००२-०३ मध्ये विभाग रद्द होऊन एलिट व प्लेट असे गट अस्तित्वात आले. प्लेटमधील संघाने कितीही चांगला खेळ केला तरी त्या मोसमात त्याला करंडक जिंकता येत नसे. पुढील वर्षाची बढती एवढेच त्याच्या हाती लागे. २००८-०९ पासून प्लेटमधील दोन संघांना उपांत्यपूर्व फेरीचे दार उघडले. २०१०-११ मध्ये राजस्थानने प्लेटमधून येऊन थेट करंडकच उंचावला. हा योगायोग म्हणावा, तर पुढच्याच वर्षी एलिट गटातूनही राजस्थानच विजेता ठरला.

२०१३-१४ मध्ये महाराष्ट्र खालच्या 'क' गटात होता. उपांत्यपूर्व फेरीत गतविजेत्या मुंबईविरुद्ध वानखेडेवर पहिल्या डावात पिछाडीवर पडूनही केदार जाधव आणि विजय झोल यांच्या फलंदाजीच्या जोरावर महाराष्ट्राने ८ गडी राखून विजय मिळवला. उपांत्य फेरीत बंगालचा पाडाव झाला. हैदराबादच्या अंतिम सामन्यात मात्र कर्नाटक सरस ठरले. जाधवने त्या मोसमात १२२३ धावा केल्या.

अमेरिकेतही तोच वाद

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्येही हाच वाद अनेक वर्षे गाजला. तेथे २०१४ च्या मोसमापासून चार संघांची बाद फेरी आली. २०२३ मध्ये १३ पैकी १३ सामने जिंकूनही फ्लोरिडा स्टेटला तीत स्थान मिळाले नाही. २०२४ मध्ये संघांची संख्या १२ झाली आणि आठवे मानांकन असलेल्या ओहायो स्टेटने विजेतेपद मिळवले.

उणिवाही आहेत

बाद फेरीत एक वाईट दिवस संपूर्ण मोसमाच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतो. २०२४-२५ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरला केरळविरुद्ध पहिल्या डावातील अवघ्या एका धावेच्या पिछाडीमुळे बाहेर पडावे लागले. केरळने उपांत्य फेरीही दोन धावांच्या आघाडीवर जिंकली. तथापि, याच वाटेने केरळ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला, हेही खरे.

साखळी ही पात्रता तपासते, बाद फेरी ती मैदानावर सिद्ध करण्याची संधी देते. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राचे रणजी सामने पाहणाऱ्या क्रिकेटप्रेमींसाठी या नियमांना म्हणूनच महत्त्व आहे. बाद फेरीची आशा जिवंत असेल, तरच साखळीतील अखेरच्या सामन्यांना अर्थ उरतो.