मुंबईची खोली आणि दोहाचा करार



आपल्या घरांत ‘मुंबईची खोली’ हा विषय निघाला की आवाज चढतात. खोली मामांची की मावशीची, पगडी कोणी भरली, भाडेपावती कोणाच्या नावावर? या भांडणांचं मूळ नात्यांत कमी आणि भाडेकायद्यात जास्त आहे.

सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मांडवीत ‘शार हारहमीम’ हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. त्याच्या आसपास इस्राएल मोहल्ला वसला. पुढे आपली माणसं भायखळा, माझगाव, ठाण्याकडे सरकली. फौजेत, रेल्वेत, कचेऱ्यांत नोकऱ्या करणारे हे लोक चाळींत भाड्याने राहत.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा मुंबईत १९१८ साली भाडेनियंत्रण आलं. १९४७ च्या कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं. भाडेकरूला छप्पर मिळालं, पण मालकाला दुरुस्तीपुरतेही पैसे सुटेनात. मग भाडेकरू बदलताना हातावर रक्कम घ्यायची रीत वाढली. हीच पगडी. कायद्याने तो गुन्हा होता, तरी व्यवहार सर्रास चाले.

१९४८ मध्ये इस्राएलची स्थापना झाली आणि पुढच्या दोन दशकांत हजारो बेने इस्राएली तिकडे गेले. मागे राहिलेल्या खोलीचं काय करायचं? कोणी ती मालकाला परत देऊन पगडीतला वाटा घेतला. कोणी कुलूप लावून चावी नातेवाइकाकडे ठेवली. कोणी ओळखीच्या माणसाला ‘तात्पुरतं’ आत ठेवलं.

कुलूप लावणारे अडचणीत आले, कारण सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा न वापरणं हे मालकाला खोली परत मागायला पुरेसं कारण होतं. आजही आहे. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हेही तसंच कारण. ज्यांची स्वतःची जागा होती आणि जी त्यांनी लीव्ह अँड लायसन्सवर दिली होती, त्यांना १९७३ च्या दुरुस्तीने धक्का दिला. त्या वर्षी १ फेब्रुवारीला चालू करारावर जो जागेत राहत होता, तो कायद्याने भाडेकरूच ठरला. मालक लोद किंवा बीरशेबाला, आणि ‘तात्पुरता’ पाहुणा मुंबईत कायमचा.

सध्याचा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याने पगडीला मान्यता दिली आणि भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली. भाडेकरू वारला तर हक्क आधी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा, तसं कोणी नसेल तरच इतर वारसाचा. परदेशातल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं.

आता कतारकडे पाहा. तिथे १९६६ पर्यंत आपलाच रुपया चालत होता. १९५९ पासून तो आखातासाठी वेगळा छापलेला असे. आज दोहात कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. घर दोहात भाड्याचं आणि ठाण्या-पुण्यातला स्वतःचा फ्लॅट भाड्याने दिलेला, अशी त्यांतल्या अनेकांची घडी आहे. म्हणजे एकच माणूस एका देशात भाडेकरू, दुसऱ्या देशात मालक. कतारचा भाडेकायदा २००८ चा. करार सरकारी कचेरीत नोंदवावा लागतो आणि तंटा भाडेतंटा समितीपुढे जातो. परक्यांना घर विकत घ्यायची मुभा २००४ पासून, तीही ठरावीक भागांतच. २०२० मध्ये असे पूर्ण मालकीचे ९ आणि ९९ वर्षांच्या वापरहक्काचे १६ भाग ठरले.

दोहात ‘ओळखीचा आहे, कागद नंतर करू’ चालत नाही. मुंबईत आपल्या माणसांनी तसं चालवलं आणि खोल्या गमावल्या. आता महाराष्ट्रातही लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं. नोंदणी असेल तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट रक्कम मागता येते.

परदेशात बसून मुखत्यारपत्र कराल तर ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करा आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा. जुन्या भाडेपावत्या आईबाबांच्या ट्रंकेत असतील तर आजच काढून बघा. पावतीवरचं नाव, खोलीचा नंबर आणि शेवटची तारीख वहीत उतरवा, आणि भावंडांनाही पाठवा.