मजकूर-नियोजन, लघुव्यवसायातील

आपल्या मालाविषयी समाजमाध्यमांवर जो मजकूर, जी छायाचित्रे व जी चलच्चित्रे प्रसिद्ध करावयाची, त्यांचे विषय, दिवस आणि जबाबदारी यांची आगाऊ तजवीज करून ठेवण्याची पद्धती. मोठ्या पेढ्यांच्या पदरी जाहिरातीचे स्वतंत्र खाते असते. परंतु जेथे मालक हाच कारागीर, कारकून आणि विक्रेता, अशा घरगुती फराळाच्या उद्योगात, ऐन दिवाळीत कढई चुलीवर असताना लेखनास सवड मिळणे दुरापास्त असल्यामुळे, ही तरतूद विशेष अगत्याची ठरते.

महाराष्ट्रात या नियोजनाचा पाया पंचांग होय. गतवर्षीची तारीख तशीच उचलणाऱ्याची फसगत होते: लक्ष्मीपूजन २०२२ साली २४ ऑक्टोबरला आले, तर २०२३ साली, अधिक श्रावणामुळे, १२ नोव्हेंबरला; अर्थात चकली-अनारशांच्या मागणीची मुदतही तितकीच पुढे सरकली. परगावी व परदेशी पाठवणीचा माल असल्यास टपालाचा अवधी वजा करून जाहिरात त्याहून आधी काढावी लागते.

तक्ता साध्या वहीत आखला तरी चालतो. फेसबुक व इन्स्टाग्राम यांवर मजकूर नियत वेळी आपोआप प्रसिद्ध होण्याची सोय आहे. २०१८ साली आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ठरीव उत्तरे साठवता येतात. तथापि सर्वच मजकूर आधी बांधून ठेवणे हा अतिरेक होय. तेलाचा भाव चढला किंवा मागण्या भरल्या, तर ठरलेली जाहिरात तत्काळ रद्द करावी लागते, कारण शिल्लक नसलेल्या मालाची जाहिरात गिऱ्हाईक दुरावण्यास पुरेशी असते.