सहा तारांचा इतिहास : अटारीची जॉयस्टिक आजही का दुरुस्त होते?

१/१२
१९७७ साली अमेरिकेत ‘अटारी व्हीसीएस’ हे घरगुती व्हिडिओ गेमचे यंत्र बाजारात आले. पुढे ते ‘अटारी २६००’ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच्या काळ्या, लाल बटणाच्या जॉयस्टिकपैकी कित्येक आजही चालू स्थितीत आहेत. त्यांची केबल मात्र बहुधा कधीतरी तुटलेली असते, आणि बदललेलीही असते. ही केबल बदलता का येते, याचा हा इतिहास.

२/१२
आधीची परिस्थिती वेगळी होती. १९७५ च्या घरगुती ‘पाँग’मध्ये फिरवायच्या खुंट्या यंत्राच्या अंगावरच होत्या. १९७६ च्या ‘फेअरचाइल्ड चॅनल एफ’मध्ये हातात धरायचे नियंत्रक आले, परंतु त्यांच्या तारा थेट यंत्राच्या पोटात जात. तार तुटली की अख्खे यंत्र उघडण्यावाचून गत्यंतर नसे.

३/१२
अटारीने यंत्राला नऊ पिनांची, इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची दोन सॉकेटे दिली. काही खेळांना जॉयस्टिक लागे, तर काहींना गोल फिरवायचे ‘पॅडल’; एक काढून त्याच जागी दुसरे लावता येई. या अदलाबदलीच्या सोयीतून दुरुस्तीचीही वाट मोकळी झाली. बिघडलेली जॉयस्टिक आता यंत्रापासून वेगळी करता येत होती.

४/१२
१९७८ पासून मिळू लागलेल्या ‘सीएक्स ४०’ या प्रकाराची अंतर्रचना विलक्षण साधी आहे. आत एक छोटी सर्किट पट्टी आणि तिच्यावर धातूच्या पाच लवचीक टिकल्या : चार दिशांच्या चार आणि बटणाची एक. टिकली दाबली गेली की त्या दिशेची तार ‘ग्राउंड’ तारेला जोडली जाते. दांडा तिरका झुकला की दोन टिकल्या एकदम दाबल्या जातात. गणकशक्ती जॉयस्टिकमध्ये नाहीच. ती सारी यंत्रात आहे.

५/१२
म्हणून केबलमध्ये नवाऐवजी सहाच तारा पुरतात. पिन १ वर, २ खाली, ३ डावीकडे, ४ उजवीकडे, ६ बटण आणि ८ ग्राउंड. मूळ केबलमध्ये त्यांचे रंग अनुक्रमे पांढरा, निळा, हिरवा, तपकिरी, नारिंगी आणि काळा असे आढळतात.

६/१२
केबल तुटते ती प्रायः एकाच ठिकाणी : जिथे ती जॉयस्टिकच्या पेटीतून बाहेर पडते तिथे. खेळताना तेथे ती हजारो वेळा वाकते. वरचे आवरण शाबूत राहते आणि आतला तांब्याचा धागा थकून तुटतो. त्यामुळे दोष डोळ्यांना दिसत नाही, खेळताना जाणवतो.

७/१२
लक्षणांवरून तार ओळखता येते. केवळ डावी दिशा बंद पडली, तर दोष पिन ३ च्या तारेत असण्याचा संभव मोठा. पाचही क्रिया एकदम थांबल्या, तर संशय ग्राउंडवर, कारण ती सर्वांची सामाईक तार. मल्टिमीटरचे एक टोक पिनेला आणि दुसरे आतल्या जोडाला लावून तार अखंड आहे की नाही, हे पडताळता येते. टिकलीवरचा मळही हेच लक्षण दाखवू शकतो. म्हणून ही तपासणी आधी करावी लागते.

८/१२
प्लग यंत्रातून काढावा, खालचे चार स्क्रू काढावेत, की पेटी उघडते. ‘सीएक्स ४०’मध्ये तारांची टोके पट्टीवरील खुंट्यांवर सरकवून बसवलेली असतात, सोल्डरिंगची गरज पडत नाही. जुनी केबल सुटण्यापूर्वी जोडणीचे छायाचित्र घ्यावे आणि नवी त्याच क्रमाने बसवावी. नव्या केबलच्या रंगांवर मात्र विसंबू नये. रंग बनवणाऱ्यागणिक बदलतात; पिनांचे क्रमांक बदलत नाहीत.

९/१२
हीच जोडणी पुढे अटारीच्या कुंपणाबाहेर गेली. ‘कमोडोर ६४’ (१९८२) आणि ‘अमिगा’ (१९८५) या संगणकांनीही ती स्वीकारली. एका कंपनीची जॉयस्टिक दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर चालू लागली आणि सुट्या जॉयस्टिकचा स्वतंत्र बाजार उभा राहिला.

१०/१२
परंतु प्लगचा आकार सारखा म्हणजे जोडणी सारखी, असे नव्हे. १९८६ च्या ‘झेडएक्स स्पेक्ट्रम +२’ला नऊ पिनांचेच सॉकेट होते, पण आतील क्रम निराळा ठेवला होता. प्लग बसे, जॉयस्टिक चालत नसे. १९९० च्या दशकात भारतात घरोघरी पोहोचलेल्या, निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल असलेल्या अनेक यंत्रांनाही असाच प्लग असे, त्यांची रीत तर मुळातच वेगळी होती. तेथे बटणांची स्थिती एकाच तारेवरून एकामागून एक पाठवली जाई. अशा यंत्राला अटारीची केबल जोडून उपयोग नाही.

११/१२
आता संग्राहकांपुढचा खरा पेच. मूळ केबल काढून टाकली, तर वस्तूचा अस्सलपणा उणावतो. ठेवली, तर वस्तू मुकी होते. मूर्तीला पाहणे पुरते, पण खेळाचे साधन हातात धरल्यावाचून कळत नाही. यावर रूढ झालेला मध्यममार्ग सोपा आहे : नवी केबल बसवावी, जुनी फेकू नये, आणि काय बदलले व केव्हा, याची नोंद वस्तूसोबत ठेवावी. नोंद असलेली दुरुस्ती हाही त्या वस्तूच्या इतिहासाचाच भाग ठरतो.

१२/१२
२०२३ साली ‘अटारी २६००+’ हे नवे यंत्र आले, तेव्हा त्यालाही तीच नऊ पिनांची सॉकेटे होती. ४६ वर्षांपूर्वीच्या यंत्राची जॉयस्टिक त्यात बसते आणि चालते. या दीर्घायुष्यामागे कोणतेही अद्भुत तंत्र नाही. स्क्रूने उघडणारी पेटी, हाताने सुटणारे जोड आणि कोणालाही मोजून पाहता येतील अशा सहा तारा, एवढेच त्याचे भांडवल. आजची कोणती उपकरणे पन्नास वर्षांनी चालतील, हे ठरवताना त्यांच्या वेगापेक्षा हीच कसोटी अधिक उपयोगी पडेल.